‘नोंद सापडली नाही’ म्हणजे घर नाही असं नव्हे

मागच्या अंकात या सदरात घरभाड्याच्या पावत्यांबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेली पत्रं वाचताना लक्षात आलं की पावत्या बाजूलाच राहिल्या आणि जवळजवळ प्रत्येकाला वेगळाच काच आहे. घरं, फ्लॅट, भाडेकरू, करार सगळं कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवलंय, पण ऐन वेळी हवं ते सापडत नाही. हा विषय माझ्या रोजच्या पोटापाण्याचा. म्हापशात गेली २१ वर्षं मी दुसऱ्यांची घरं सांभाळते. मालक मुंबईत, मस्कतमध्ये, लिस्बनमध्ये. किल्ल्या माझ्या कपाटात. आज अशी १३८ घरं, फ्लॅट आणि दुकानगाळे आहेत. पहिली ९ वर्षं लाल कापडी बांधणीच्या रजिस्टरांत गेली, मग सॉफ्टवेअर आलं. रजिस्टरात शोधताना बोट ओळीवरून फिरायचं आणि बोटाखालून जाणारं प्रत्येक नाव नजरेखालून जायचं. सर्चच्या चौकोनात तसं होत नाही. जेवढं विचारलं तेवढंच तो दाखवतो. म्हणून विचारायचं कसं, ते शिकावं लागतं. या वेळी सहा पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या ऑफिसात दोन वर्षांपासून प्रॉपर्टी मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर आहे. एका मालकाचं नाव सर्चमध्ये टाकलं तर ‘नोंद सापडली नाही’ असं आलं, म्हणून मी नवी नोंद केली. महिनाअखेरीला त्याच फ्लॅटची दोन बिलं गेली. साहेब खूप बोलले. यात माझं चुकलं कुठे? – एक वाचक, पर्वरी

पत्रावरून तू नोकरीला नवी दिसतेस, म्हणून अगं-तुगं करते. राग मानू नकोस. शोधलंस हे बरोबर केलंस. एकदाच शोधून थांबलीस, तिथे घोटाळा झाला.

गोव्यात नावं शोधणं सोपं नाही, हे आधी मनात पक्कं कर. आपण बोलतो एक, कागदावर असतं दुसरं. नाईक हे आडनाव आधारकार्डावर ‘के’ने संपतं, त्याच माणसाच्या आजोबांच्या विक्रीखतावर ते ‘क्यू-यू-ई’ने संपतं. देसाईत कुठे एक ‘एस’, कुठे दोन. कामतांच्या जुन्या कागदांवर कामोतीं असतं आणि तेही ‘सी’ने सुरू होतं. गावांचं तर विचारूच नकोस. तू फोंडा म्हणून ‘एफ’ टाकशील, नोंद ‘पी’खाली असेल. डिचोली ‘बी’खाली, केपे ‘क्यू’खाली, काणकोण ‘सी’खाली. शेल्ड्याचं पहिलं अक्षर ‘एक्स’! पोर्तुगीज वळणाच्या लेखनात ‘श’ला ‘एक्स’ लिहितात, हे इथे जन्मलेल्याला माहीत असतं. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला असेलच असं नाही. काही सॉफ्टवेअरं एखाद्या अक्षराची चूक सांभाळून घेतात, पण फोंड्याच्या ‘एफ’वरून ‘पी’वर जाण्याइतकी शहाणी सहसा नसतात.

म्हणून नावावर भरवसा ठेवायचा नाही. आकड्यावर ठेवायचा. वीज बिलावरचा ग्राहक क्रमांक आणि मोबाईलचे शेवटचे ४ आकडे, यांना स्पेलिंग नसतं. नावानेच शोधायची वेळ आली तर पूर्ण नाव टाकू नकोस. ज्याबद्दल खात्री आहे तो तीन-चार अक्षरांचा तुकडा टाक. शिरोडकरांसाठी मधलं ‘आर-ओ-डी’ एवढंच टाकलं तर सुरुवात ‘एस’ने असो वा ‘एक्स’ने, दोन्ही येतील. मात्र तुमचं सॉफ्टवेअर नावाच्या मधलं अक्षर शोधतं की फक्त सुरुवातीचं, हे माहितीतल्या एखाद्या नावावर एकदा तपासून घे. माझ्या ऑफिसात नियम आहे : नावाचा तुकडा, मोबाईल आणि वीज क्रमांक, या तिन्हींनी शोधल्याशिवाय नवी नोंद करायची नाही.

आणखी एक गोष्ट खास आपल्याकडची. गोव्याच्या नागरी कायद्यात, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर मालमत्तेत नवरा-बायको दोघांचा वाटा असतो. विक्रीच्या कागदावर दोघांच्या सह्या लागतात. पण सॉफ्टवेअरमध्ये मालकाचा रकाना एकच, म्हणून नवऱ्याचं नाव भरलं जातं. मग फोन येतो बाईंचा, त्या स्वतःचं नाव सांगतात आणि आपण ‘नोंद नाही’ म्हणतो. वीज बिल पुष्कळदा वारलेल्या आजोबांच्या नावावरच चालू असतं, ते तिसरं नाव. मी शेरा लिहायच्या रकान्यात ही सगळी नावं, जुन्या-नव्या स्पेलिंगांसकट, ‘उर्फ’ म्हणून लिहिते. पुष्कळ सॉफ्टवेअरांतला मुख्य सर्च तो रकानाही पाहतो. एका घराला दोन मिनिटं लागतात आणि पुढची कित्येक वर्षं ती उपयोगी पडतात.

सर्वे नंबरचंही सांगते, कारण तुमचा डेटा एक्सेलमधून चढवलेला असल्याचं तू लिहिलंयस. एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या सरकारी उताऱ्यावर सर्वे नंबर आणि पोटविभाग असतो, तो आपण १२/३ असा टाकतो. एक्सेल त्याला तारीख समजतं आणि ‘१२ मार्च’ करून टाकतं. १४५/३ मात्र तसाच राहतो, कारण १४५ तारीख कुठली? मोठे आकडे शाबूत आणि लहान बदललेले, त्यामुळे वरवर पाहून कळत नाही. पुढे १२/३ शोधलं की काहीच येत नाही. तो रकाना भरण्याआधी त्याचा प्रकार ‘टेक्स्ट’ करायचा. आधी बदललेले आकडे मूळ उताऱ्यावरून पुन्हा भरावे लागतात. त्याला दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

आणि ती दुसरी नोंद सरळ डिलीट करू नकोस. तिच्यावर बिल निघालंय, कदाचित पावतीही झाली असेल. दोन नोंदी एकत्र करायची सोय असते, ती वापर. नसेल तर पावती आधी मूळ नोंदीवर वळव आणि मगच जादा नोंद बंद कर.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. घराच्या चार खोल्या पर्यटकांना देतो. गेल्या नाताळात २४ ते २७ डिसेंबर असा फिल्टर लावला, खोली क्र. २ ला एकही बुकिंग दिसलं नाही, म्हणून ती दिली. २४ ला पाहुणे दारात आणि खोलीत २२ तारखेपासून दुसरं कुटुंब! मुलाने बुकिंग रीतसर भरलं होतं. मग ते दिसलं का नाही? – एक वाचक, हरमल

सर, बुकिंगही बरोबर होतं आणि फिल्टरही बरोबर चालला. त्याला विचारलेला प्रश्न वेगळा होता. तारखेचा फिल्टर बहुधा येण्याच्या तारखेवर चालतो. तुम्ही विचारलंत, ‘२४ ते २७ मध्ये कोण येणार आहे?’ आत असलेलं कुटुंब २२ लाच आलं होतं, म्हणून त्या उत्तरात ते नाही.

तुम्हाला हवं होतं ते असं : येण्याची तारीख २७ च्या आधी, आणि जाण्याची तारीख २४ च्या नंतर. दोन्ही अटी एकाच वेळी. वहीच्या पानावर एक आडवी रेघ मारून त्यावर २० ते ३० तारखा घाला. नव्या पाहुण्याचं २४ ते २७ रंगवा. आता जुनं कुटुंब २२ ते २५ असो, २५ ते २६ असो किंवा अगदी २० ते ३० असो, प्रत्येक जण या दोन अटींत सापडतो. जो २४ ला सकाळी खोली सोडणार तो सापडत नाही, आणि तेच हवं. खोली झाडून-पुसून दुपारी नव्या पाहुण्याला देता येते. या अटी एकदा लावून फिल्टर नाव देऊन सेव्ह करा आणि दर वेळी तारखा बदला. कॅलेंडरची पट्टी असेल तर डोळ्यांना ती आणखी सोपी, पण ती उघडल्यावर चारही खोल्या दिसताहेत ना ते पाहा. एखादी खोली फिल्टरने लपलेली असते.

तुमच्याकडे परदेशी पाहुणेही येतात, म्हणून न विचारता एक सांगते. त्यांच्या मुक्कामाची माहिती (जुना सी फॉर्म) ते आल्यापासून २४ तासांच्या आत सरकारला ऑनलाइन कळवावी लागते, हे तुम्ही जाणताच. त्यासाठी ‘आज आलेले’ आणि ‘राष्ट्रीयत्व भारतीय नाही’ असा फिल्टर अनेकजण लावतात. राष्ट्रीयत्वाचा रकाना ज्याचा रिकामा राहिला, तो काही सॉफ्टवेअरांत या यादीत येत नाही. त्यांच्या हिशेबी रिकामं म्हणजे ‘भारतीय’ही नाही आणि ‘भारतीय नसलेला’ही नाही. तेव्हा ‘आज आलेले’ एवढाच फिल्टर लावा आणि यादी वाचा. चार खोल्यांची यादी वाचायला कितीसा वेळ?

प्रश्न : सोसायटीत ६२ फ्लॅट आहेत. काल उघडलं तर १४च दिसले. बाकीचे उडाले का? झोप लागली नाही. – खजिनदार, फातोर्डा

उडाले नाहीत. आधीच्या खेपेला लावलेला फिल्टर तसाच राहिलाय. पुष्कळ सॉफ्टवेअरं तो लक्षात ठेवतात. रकान्याच्या मथळ्याजवळ नरसाळ्याचं चिन्ह दिसेल. तिथून किंवा ‘क्लिअर ऑल’ने तो काढा.

तुम्ही बेरजा एक्सेलमध्ये करता, म्हणून एवढं मात्र नीट वाचा. तिथे फिल्टर लागला असेल तर डावीकडचे ओळींचे आकडे निळे होतात आणि मधले गायब असतात : ३, ७, ८, २१ असे. अशा वेळी साधी ‘सम’ची बेरीज लपलेल्या ओळीही धरते. समोर दिसणाऱ्यांचीच बेरीज हवी तर ‘सबटोटल’ वापरायचं. वार्षिक सभेत १४ थकबाकीदारांची यादी आणि खाली ६२ जणांची रक्कम, असा कागद वाटला गेलेला मी पाहिलाय. खजिनदार प्रामाणिक होते, पण त्यांचं म्हणणं शेवटपर्यंत कोणी ऐकून घेतलं नाही. मला अजून वाईट वाटतं.

प्रश्न : मी कुवेतला असतो. केप्यातल्या आमच्या १५ खोल्या आणि गाळ्यांचं काम वडील पाहतात, सॉफ्टवेअर मी इथून सांभाळतो. ‘पुढच्या ३० दिवसांत संपणारे करार’ ही यादी दर महिन्याला काढून त्यांना पाठवतो. तरीही एका गाळ्याचा करार सात महिन्यांपूर्वीच संपल्याचं खुद्द भाडेकरूने त्यांना सांगितलं. तो यादीत कधीच आला नव्हता. – एक वाचक

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण हे माझ्या बाबतीत घडलेलं आहे.

यात तीन शक्यता आहेत. पहिली, तुमची यादी खरोखर ‘आजपासून पुढचे ३० दिवस’ मोजते की सेव्ह करताना टाकलेल्या त्याच दोन तारखा धरून बसलीय? नाव काहीही दिलेलं असलं तरी आतल्या अटी उघडून पाहा. दुसरी शक्यता अशी की एखाद्या महिन्यात यादी काढायला उशीर झाला आणि त्या चार-सहा दिवसांतच करार संपला. जो करार काल संपला तो आजच्या ‘पुढच्या ३० दिवसांत’ येत नाही. संपायच्या आदल्या दिवसापर्यंत तो तुमच्या डोळ्यांसमोर असतो, दुसऱ्या दिवसापासून तो कुठल्याच यादीत नसतो. म्हणून जोडीला दुसरी यादी लागतेच : ‘करार संपलेला, पण भाडेकरू आत’. मला विचाराल तर ही दुसरी यादी पहिलीपेक्षा महत्त्वाची.

तिसरी शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते. त्या गाळ्याच्या नोंदीत कराराची शेवटची तारीखच भरलेली नसेल.

माझ्याकडे म्हापशातलं एक तळमजल्याचं घर होतं, पुढे बाल्कांव म्हणजे बसायचा व्हरांडा, मागे परसात विहीर. करार नोटरीकडून परत यायचा होता म्हणून आमच्या ऑफिसातल्या मुलाने शेवटच्या तारखेचा रकाना ‘नंतर भरू’ म्हणून रिकामा सोडला. ते ‘नंतर’ आलंच नाही. तारीख नसलेलं घर ‘३० दिवसांत संपणारे’मध्ये येत नाही, ‘संपलेले’मध्येही येत नाही. पाच महिने ते घर कराराशिवाय चाललं आणि मला पत्ता नव्हता. मालकांनी घर विकायचं ठरवलं तेव्हा ते उघड झालं. भाडेकरू म्हणाले, मुलीची दहावी होऊ दे. आमच्या हातात दाखवायला चालू करार नव्हता. मालक परदेशातून आले होते, परत जायचं तिकीट हातात होतं. त्यांनी आवाज चढवला नाही, फक्त विचारलं, ‘तुम्ही पाहत होता ना?’ परीक्षा संपेपर्यंत त्यांना थांबावं लागलं.

तेव्हापासून माझ्या टेबलाच्या काचेखाली एक पुठ्ठा आहे आणि त्यावर फक्त एक आकडा लिहिलेला असतो. आज तो १३८ आहे. महिन्याच्या १ तारखेला मी पाच याद्या काढते : करार चालू, ३० दिवसांत संपणारे, संपलेले पण भाडेकरू आत, रिकामी घरं, आणि भाडेकरू आत पण तारखेचा रकाना कोरा असलेली. पहिल्या यादीत दुसरीतले येणार नाहीत अशी अट घालते, म्हणजे एक घर दोनदा मोजलं जात नाही. पाचही आकड्यांची बेरीज १३८ आली पाहिजे. १३७ आली तर ते एक घर सापडेपर्यंत मी दुसरं काम हातात घेत नाही. एकदा ते ‘दुरुस्तीसाठी बंद’ म्हणून कोणी वेगळ्याच खात्यात टाकलेलं निघालं, एकदा ‘आर्काइव्ह’ झालेलं. ‘रकाना रिकामा आहे’ अशी अट जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअरच्या फिल्टरमध्ये असते, बहुतेकदा यादीच्या अगदी तळाशी. लोक तिथवर पोचतच नाहीत. तुमच्या १५ जागांना या सगळ्याला दहा मिनिटंही लागणार नाहीत.

वडिलांना ‘मी लक्षात ठेवतो’ म्हणू देऊ नका. आपल्याकडे करार ११ महिन्यांचे असतात, कारण वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. त्यामुळे संपायची वेळ दर खेपेला एक महिना मागे सरकते. यंदा चवथीच्या सुमारास संपला तर पुढच्या खेपेला श्रावणात. वर्षाच्या सणावर बांधलेली आठवण तिथे चुकते. वडिलांचं वय हे काही त्याचं कारण नाही.

प्रश्न : पावसाळ्यातल्या गळतीच्या तक्रारी आम्ही तीन वर्षं मराठीत नोंदवतोय. यंदा पावसाआधी दुरुस्ती काढायची म्हणून ‘गळती’ शोधलं तर फक्त ६ नोंदी आल्या. प्रत्यक्षात तक्रारी कितीतरी जास्त होत्या. – सोसायटीच्या सचिव, ताळगाव

ताई, ज्याच्या घरात पाणी येतं तो ‘गळती’ हा शब्द वापरत नाही. तो म्हणतो ‘स्लॅब ठिबकतो’, ‘भिंतीला ओल आलीय’, ‘बाथरूमच्या कोपऱ्यात पाणी’, ‘लिकेज’. वॉचमन जसं ऐकतो तसं लिहितो, आणि तसंच त्याने लिहावं. माणसाचे शब्द बदलू नयेत. पण त्याच्या शेजारी निवडायचा एक वेगळा रकाना हवा, ज्यात टाइप करता येणार नाही, फक्त निवडता येईल. पाण्यासाठी मी चारच ठेवते : वरून, भिंतीतून, पाइपातून, खिडकीतून. तुम्ही पाठवलेल्या नमुन्यात तक्रारींचे २३ प्रकार आहेत. २३ मधून निवडताना माणूस कंटाळून ‘इतर’वर बोट ठेवतो. जुन्या नोंदींना हा रकाना एकदा बसून भरावाच लागेल. १ जून ते ३० सप्टेंबर असा तारखेचा फिल्टर लावा, म्हणजे निदान पावसाळ्याबाहेरच्या नोंदी आड येणार नाहीत.

हे भरल्यावर काय दिसतं ते सांगते. एका इमारतीत दोन पावसाळ्यांत १०४, २०४, ३०४ आणि ४०४ या फ्लॅटांच्या तक्रारी होत्या. पहिल्याने ‘ओल’ लिहिलेलं, दुसऱ्याने ‘रंग उडाला’, तिसऱ्याने ‘बुरशी’, चौथ्याने ‘पाणी येतं’. चार शब्द, चार वेगळ्या महिन्यांत, म्हणून कोणाला जोड लागली नाही, आणि समितीने गच्चीवर वॉटरप्रूफिंग करून घेतलं. पाणी पुन्हा आलं. मी ‘भिंतीतून’ असा फिल्टर लावला आणि यादी फ्लॅटच्या शेवटच्या दोन आकड्यांवर लावून पाहिली. चारही ‘०४’ एकाखाली एक उभे राहिले. त्या रांगेच्या मागून पावसाच्या पाण्याचा पाइप खाली उतरत होता, त्याचा सांधा चौथ्या मजल्यावर फुटला होता. प्लंबरने तो एका सकाळीत बदलला. गच्चीवर घातलेले पैसे मात्र परत आले नाहीत. म्हणून माझी विनंती आहे, इमारत, मजला आणि फ्लॅटची रांग हे तीन वेगळे रकाने ठेवा. ‘बी-४०४’ असा एकच शब्द ठेवलात तर मजल्यावर फिल्टर लावता येणार नाही, शिवाय कोणी ‘बी ४०४’ लिहील, कोणी ‘४०४ बी’.

आता तुमच्या ६ नोंदींचं आणखी एक कारण. सगळ्यात जुनं वर्ष तुम्ही आधीच्या फाइलीतून उचलून चिकटवलंय असं लिहिता. युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टांत टाइप केलेलं असेल, तर कागदावर मराठी दिसलं तरी आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात. त्यात ‘गळती’ कधीही सापडणार नाही. एक ओळ कॉपी करून मोबाईलवर स्वतःलाच पाठवा. तिथे अगम्य अक्षरं दिसली तर तेच. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात. बदलल्यावर जोडाक्षरं मात्र डोळ्यांनी तपासा. आणि आकडे एकाच लिपीत ठेवा. मराठी ४०४ आणि इंग्रजी ४०४ तुम्हा-आम्हाला एकच वाटतात, पण बऱ्याच सर्चना ते दोन वेगळे शब्द वाटतात.

प्रश्न : थकबाकीदारांचा फिल्टर लावला, ११ नावं आली. ‘सिलेक्ट ऑल’ करून भाड्याची आठवण पाठवली. ती सगळ्या ८६ भाडेकरूंना गेली. त्यात दर महिन्याला वेळेआधी भाडं देणारे एक वयस्कर काका आहेत. ते फार दुखावलेत. काय करू? – एक वाचक, मडगाव

‘सिलेक्ट ऑल’चे तीन अर्थ होऊ शकतात : या पानावर दिसणारे, फिल्टरमधून आलेले, किंवा सगळेच्या सगळे. कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये कुठला अर्थ, हे नावावरून कळत नाही. टिक केल्यावर वर किंवा खाली ‘इतके निवडले’ असा आकडा येतो. तो मोठ्याने वाचायचा. ११ ऐवजी ८६ दिसला तर हात मागे. काही सॉफ्टवेअरांत फिल्टर लावल्यावर वरच्या सर्चमध्ये काही टाकलं की फिल्टर आपोआप सुटतो. तुमचं तसंच झालेलं दिसतं, कारण फिल्टरनंतर एक नाव शोधल्याचं तुम्ही लिहिलंय. ज्यांना पाठवायचं त्यांची यादी आधी वेगळी उतरवून घ्या, ती वाचा, आणि पहिला मेसेज स्वतःच्या नंबरवर पाठवून पाहा. आणि आठवण ५ तारखेला पाठवायची असेल तर ४ तारखेच्या संध्याकाळपर्यंत बँकेत आलेले सगळे पैसे नोंदवून झाले पाहिजेत. नाहीतर १ तारखेला यूपीआयने भरणारा माणूस ५ तारखेला थकबाकीदार ठरतो, आणि त्यात फिल्टरचा काही दोष नसतो.

बाकीच्या ७४ जणांना आजच दिलगिरीचा मेसेज पाठवा, दोन ओळींचा, ‘तांत्रिक कारणामुळे’ असं न लिहिता ‘आमच्याकडून चुकून’ असं लिहून. काकांना मेसेज नको आणि फोनही नको. त्यांच्या खात्याचा वर्षभराचा उतारा छापून घ्या, प्रत्येक महिन्यापुढे भाडं आल्याची तारीख असलेला, आणि संध्याकाळी चहाच्या वेळी त्यांच्या घरी जा. उतारा त्यांच्या हातात द्या. ते आत बोलावतील तर बसा, आणि त्यांना जे बोलायचं असेल ते पूर्ण ऐकून घ्या.